मोफत औषधाला एमआर नसतो

माझी मुमानी इंदापूर तालुक्यात राहते. गेली पंधरा-सोळा वर्षं ती एचआयव्हीसह जगते आहे. तिला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, हे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयात खडे निघाले. एका खासगी रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या दिवशी रक्त घेतलं, पण कशाकशाच्या तपासणीसाठी ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरवरून माझ्या मामेभावाला हाक आली आणि बाकड्यांवर बसलेल्या दहा-पंधरा माणसांसमोर त्याला ऐकवलं गेलं, "पेशंटला एचआयव्ही आहे. आमच्याकडे होणार नाही, पुण्याला न्या." फाइलवर लाल पेनने मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं होतं. परत येताना रिक्षात मुमानी एवढंच म्हणाली, "इतने जोर से काय को बोली वो?"

कायद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या सकाळी तीन गोष्टी मोडल्या गेल्या. संमती न घेता तपासणी झाली, निकाल चारचौघांत सांगितला गेला आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारले गेले. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या तिन्ही गोष्टींना तो मनाई करतो. पण मला रागापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मुमानी रोज न चुकता गोळी घेते. तिच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी आहे. त्या टेबलावर तिच्या आधी ज्यांची ऑपरेशनं झाली, त्यांच्यापैकी तपासणीच्या विंडो पिरियडमध्ये कोण होतं, कावीळ बी किंवा सी कुणाला होती, हे कुणाला ठाऊक? भीती वाटली ती नेमकी औषध चालू असलेल्या बाईची.

पुढे तिचं ऑपरेशन पुण्यात सरकारी रुग्णालयात झालं. मी मात्र त्या डॉक्टरांना भेटायला गेलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. ते दार लावून शांतपणे बोलले. म्हणाले, "आम्ही कॉलेजात होतो तेव्हा एड्सचा पेशंट मरायचाच. एक-दोन लेक्चरं झाली. त्यानंतर वीस वर्षांत या विषयावर मला कुणी काही शिकवलेलं नाही. डायबिटीसचं विचारा, दर महिन्याला एक कार्यक्रम असतो."

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण सरळ आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यासाठी व्याख्यानं आणि परिषदा होतात, आणि त्यातल्या कितीतरी औषध कंपन्यांच्या मदतीने होतात. एचआयव्हीची औषधं सरकार १ एप्रिल २००४ पासून मोफत देतं. जी गोळी सरकार फुकट वाटतं, ती घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात कुठला एमआर येणार? विषय मागे पडतो तो डॉक्टर वाईट असतात म्हणून नव्हे. त्यात कुणाला काही विकायचं नसतं.

पॉइंटांबद्दल मी जरा सावध आहे. आमच्या क्षेत्रात दरवर्षी सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण असतं. एका खिडकीत व्हिडिओ चालू, दुसऱ्या खिडकीत काम चालू, शेवटी प्रमाणपत्र. मी स्वतः हे केलंय, त्यामुळे डॉक्टर असं करत नसतील असं म्हणायची माझी छाती नाही.

पण वीस वर्षांत बदललेल्या गोष्टी पाहा. पूर्वी सीडी-४ पेशी ठरावीक आकड्याखाली येईपर्यंत औषध सुरू करत नसत. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार हे देशाचं धोरण आहे. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राविर यांची मिळून रोज एकच गोळी असते. जोडीदाराला होणारी लागण लवकर उपचारांनी ९० टक्क्यांहून जास्त टळते, हे २०११ साली ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं, त्यात पुण्यातल्या भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सहभागी होती. विषाणू दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आज जगभर मान्य आहे. गरोदर आईला वेळेत औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. बाधित सुई टोचली तरी धोका हजारात तीनच्या आसपास असतो, आणि ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर तो आणखी घटतो. इंदापूरपासून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या भोसरीत ज्या ज्ञानावर काम झालं, ते इंदापूरच्या ऑपरेशन टेबलापर्यंत आलं नाही.

रोजच्या दवाखान्यातलंही बरंच काही यात आहे. डोल्युटेग्राविर चालू असताना मेटफॉर्मिनचा डोस बेताने द्यावा लागतो. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची काही औषधं यांच्या वेळा सांभाळाव्या लागतात, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो. रमजानमध्ये हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. दिवसाला एकच गोळी असेल तर ती रात्री घेऊन रोजा ठेवता येतो. टीबीही असेल तर सहेरी आणि इफ्तारच्या वेळा डॉक्टरांसोबत बसून जुळवाव्या लागतात, आणि तब्येत साथ देत नसेल तर आजाऱ्याला रोज्याची सूट आहेच. मुमानीला मात्र एका डॉक्टरांनी एका वर्षी सांगितलं होतं, महिनाभर गोळी थांबवली तरी चालेल. नशिबाने तिने ऐकलं नाही.

डॉक्टरचा शब्द दवाखान्यात थांबत नाही, तो मोहल्ल्यापर्यंत जातो. मामू ट्रक चालवायचे. ते गेले तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. दवाखान्यातून मय्यत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली, सोबत निरोप, "हात लावू नका." गुस्ल द्यायला कुणी पुढे येईना. शेवटी अब्बा आणि त्यांच्या एका दोस्ताने हातमोजे घालून गुस्ल दिला. हातमोजे आणि साधी खबरदारी पुरेशी असते हे त्या दिवशी एखाद्या डॉक्टराने मशिदीत येऊन सांगितलं असतं, तर जनाजाच्या नमाजला तीनच सफा उभ्या राहिल्या नसत्या.

आपल्यातली एक समजूतही इथेच सांगून टाकतो. "आपल्यात खतना होते, आपल्याला हे होत नाही," असं मी शिकल्यासवरलेल्या मुलांकडून ऐकलंय. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत खतनामुळे पुरुषाला बाईकडून होणाऱ्या लागणीचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे उरलेला धोका आहेच, आणि नवऱ्याला लागण झाली असेल तर बायकोला त्या खतनेचं काही कवच नाही. मुमानी याच वाटेने बाधित झाली. मामूंना वर्षभर ताप आणि जुलाब होते, पण एकाही डॉक्टराने तपासणी सुचवली नाही. नाव बघून त्यांनीही तीच समजूत करून घेतली होती का, हे आता कुणाला विचारणार?

आपल्या मोहल्ल्यात पहिला डॉक्टर बहुतेकदा एमबीबीएस नसतो. तो बीयूएमएस, बीएचएमएस किंवा बीएएमएस असतो. पुण्याच्या आझम कॅम्पसमधून शिकून आलेले युनानी डॉक्टर आपल्याच घरांतले आहेत. ताप आला की लोक त्यांच्याकडे जातात आणि "सलाईन लावा" म्हणतात. २०१९ साली पाकिस्तानात सिंधमधल्या रतोदेरो गावात काय झालं ते आठवा. काही महिन्यांत नऊशेच्या आसपास लोक एचआयव्हीबाधित आढळले, त्यात बहुसंख्य लहान मुलं होती. आधी एकाच डॉक्टरवर खापर फुटलं, पण तपासात सुया आणि सलाईनचे संच पुन्हा पुन्हा वापरण्याची सवयच बाहेर आली. म्हणून हे शिक्षण फक्त तज्ज्ञांपुरतं ठेवून चालणार नाही. नर्स, लॅबवाला, दाताचा डॉक्टर, काउंटरवर बसणारी मुलगी आणि ड्रेसिंग करणारा वॉर्डबॉय यांनाही ते मिळायला हवं. तसं पाहिलं तर सुरक्षित कामाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास लागणारं औषध कर्मचाऱ्यांना देणं ही जबाबदारी २०१७ चा कायदा संस्थेवरच टाकतो.

महाराष्ट्रात देशातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित राहतात. पुणे-सोलापूर महामार्ग इंदापुरातून जातो. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरच्या गाळप हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या इथेच उतरतात. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना पन्नासेक किलोमीटरवर इंदापूरला यायला दीड तासही लागणार नाही.

माझी मागणी लहान आहे. तीन महिन्यांतून एक रविवार, एकदा बारामतीत आणि एकदा इंदापुरात, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण व्हावं. भाषा मराठी, गरज पडेल तिथे उर्दू. स्लाइड कमी आणि खऱ्या केसेस जास्त. पॅथी कुठलीही असो, सगळ्यांना बोलवावं. पॉइंट मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी थांबायला नको. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरला अडचणीच्या वेळी विचारता येईल असा एक फोन नंबर द्यावा. आणि दर सत्रात, स्वतःहून तयार असलेल्या एखाद्या बाधित व्यक्तीला अर्धा तास बोलू द्यावं.

यातलं आपलं काम कोणतं? ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिरं घेतो. तेच मंडप, त्याच खुर्च्या, तेच जमातखान्याचे हॉल याही कामाला लागू शकतात. दुपारी उरलेल्या वेळेत गुस्ल देणाऱ्यांसाठी एक तास ठेवता येईल, मर्दांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा.

महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर दोन्ही तालुक्यांतल्या दहा-बारा डॉक्टरांच्या सह्या हव्या आहेत, आणि तेवढ्याच तरुणांच्या. तीन युनानी डॉक्टरांनी सही केली आहे. चौथी सही मुमानीला परत पाठवणाऱ्या त्या डॉक्टरांची आहे.