खणण्याआधीचा हिशेब

वसईचा काळा दगड गलबतांतून गोव्याला गेला आणि १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी खांबांना लागला, असं सांगतात. दगड किती उरलाय, हे तेव्हा कोणी विचारलं नसावं. डोंगर समोरच होता.

गोव्याच्या लोहखनिजाचं तसं नाही. ते दिसतं फक्त बोअरमधून निघालेल्या मनगटाएवढ्या कोअरमध्ये. दोन बोअरच्या मधलं सगळं अंदाजानं भरायचं, आणि त्या अंदाजातच फसगत होते. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींवर काम करणाऱ्या डॅनी क्रिग या अभियंत्याच्या एक गोष्ट लक्षात आली: नमुन्यांत भारी दिसलेला भाग खणल्यावर हलका निघतो, आणि हलका वाटलेला जरा बरा. १९५१ मध्ये त्यानं यामागचं संख्याशास्त्र मांडलं. फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी साठच्या दशकात त्याचा सिद्धान्त बांधला आणि पद्धतीला क्रिगचंच नाव दिलं. पद्धत अशी: नमुन्यांच्या जोड्या लावायच्या, अंतर वाढेल तसा ग्रेडमधला, म्हणजे धातूच्या प्रमाणातला, फरक किती वाढतो ते पाहायचं. एका टप्प्यानंतर तो वाढायचा थांबतो. त्यापलीकडच्या बोअरची साक्ष कामाची नाही. मग खाणीचे ठोकळे पाडून प्रत्येकाला आकडा, आणि त्या आकड्यात चूक किती असू शकते तेही. खरी किंमत या दुसऱ्या आकड्याची, आणि जाहीर अहवालांत नेमका तोच गळतो.

साठ्याचा आकडा तसाही लवचीक. नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोनं हेमॅटाइटसाठी ४५ टक्के लोहाची रेघ आखली आहे. ती सरकवली की जमिनीत काहीही न हलता साठा बदलतो. आकडा असा लवचीक, लगाम मात्र न्यायालयातून आला: गोव्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. तोवर बरंच खनिज जहाजांवर चढलं होतं.

आणि वसईत? खदानीचा दगड ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापानं, खणून झाल्यावर मोजला जातो. काळ्या दगडाला ग्रेडचं गणित लागत नाही, हे मान्य. वसईच्या खाडीतल्या रेतीला मात्र असं गणित लागतं. तिचा थर जागोजागी, हंगामागणिक बदलतो. सक्शन पंप आणि पाण्यात बुडी मारून रेती काढणारे डुबीवाले यांच्या उपशात फरक प्रचंड, आणि भाईंदर-नायगावचा रेल्वेपूल त्याच खाडीत उभा आहे. रेती वर्षाला किती भरून येते, हे जिल्हा सर्वेक्षण अहवालात द्यावं लागतं. ते ठोकळ्याठोकळ्यानं, संभाव्य चुकीसकट छापावं. ज्या पट्ट्यात चूक खुद्द अंदाजाइतकीच मोठी, त्याचा लिलाव काढू नये.