मेणाचा धडा करू नका

मुलाने काहीही केले की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो. मूल पतंग चिकटवीत असो, कणकेच्या गोळ्याशी खेळत असो, की गच्चीवर उताणे पडून घारी मोजत असो. शेजारचे वडीलधारे माणूस कौतुकाने मान हलविते आणि विचारते, ‘‘छान! पण यातून तो शिकला काय?’’ हा प्रश्न शाळेने विचारला तर मी समजू शकते. शाळेला तासांचा हिशेब द्यावयाचा असतो. परंतु ज्यांनी आपली मुले मुद्दाम शाळेत घातलेली नाहीत, ‘आम्ही घरीच शिकवतो’ असे जे चारचौघांत अभिमानाने सांगतात, त्यांच्याच घरांत हा प्रश्न आज सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो. हा लेख मी त्यांच्याशी भांडण्यासाठी लिहीत आहे. आणि मी त्यांच्यातलीच एक असल्यामुळे भांडणाचा मला अधिकारही आहे.

आमची दोन मुले शाळेत जात नाहीत. थोरली तेरा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा. पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या चार मजली इमारतीत आम्ही राहतो. घरात सासूबाई आहेत, हे आहेत, मी आहे. आणि दसऱ्याच्या आधीपासून दिवाळीपर्यंत स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत मेण असते. मेणाचे कारण साधे आहे. आमच्या इमारतीत आणि आसपासच्या दोन बोळांत मेणाच्या पणत्या लागतात. त्या आम्ही करतो, मुले करतात, आणि पैसे घेऊन देतो. यात काही थोर उद्देश असता तर मी तो सांगितला असता.

आमच्यासारखी पाच-सहा कुटुंबे महिन्यातून एकदा जमतात. अशाच एका बैठकीत मागे एक पेटी आली. पुठ्ठ्याचा सुबक डबा. आत रंगवलेल्या मेणाचे दाणे, रबरी साचे, गुलाबाच्या वासाची कुपी आणि एक छापील पत्रक. त्या पत्रकावर मेणबत्ती कशी करावी याच्या चार ओळी होत्या आणि मेणबत्ती केल्याने मुलाच्या अंगी कोणकोणते गुण येतात याच्या चौदा! हातडोळ्यांचा मेळ, एकाग्रता, सर्जनशीलता, स्थायू-द्रवांची ओळख. मोक्ष तेवढा राहिला होता. मग मुलांनी मेण वितळविले, म्हणजे आयांनी वितळविले. मुलांनी साच्यांत ओतले, म्हणजे आयांनी हात धरून ओतविले. छायाचित्रे निघाली. ससे, अस्वले, गुलाब ओळीने मांडले गेले. त्यांतले एकही पेटले नाही. ‘‘इतका गोड ससा जाळायचा?’’ असे एक बाई कळवळून म्हणाल्या. नंतर त्यांनी वहीत लिहिले: विज्ञान एक तास, कला एक तास.

जी मेणबत्ती पेटवावयाचीच नाही तिची वात कशी आहे हे कोण पाहणार? माझे सारे भांडण या एका प्रश्नात आहे. हाताने करावयाच्या कामात वस्तू स्वतःच परीक्षक असते. ती लाच घेत नाही, कौतुकाला भुलत नाही, ‘प्रयत्न केला हेच पुष्कळ’ म्हणत नाही. मेणबत्ती जळते किंवा जळत नाही. आपण तिथे वही घेऊन उभे राहिलो, की मूल वस्तूकडे पाहावयाचे सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागते. शाळेतला जो दोष टाळण्यासाठी आपण एवढा वाईटपणा घेतला, तोच दोष आपण डब्यात भरून, वर वास लावून घरी आणला.

धाकट्याचे उदाहरण सांगते. वातींचे बंडल संपले म्हणून त्याने शिवणाचा दोरा वळून वाती केल्या आणि तीस पणत्या भरल्या. संध्याकाळी एक लावून पाहिली. ज्योत क्षणभर उभी राहिली, भोवतीचे मेण पातळ झाले आणि त्या तळ्यात ती बुडून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने सुती दोरीची जाड वात घातली. ती नाचू लागली आणि काजळीने बाल्कनीची भिंत काळी झाली. तिसऱ्या दिवशी तो तीन जाडीच्या वाती घेऊन बसला आणि प्रत्येकीपुढे घड्याळ ठेवले. वात जितके मेण शोषून वर चढविते तितकेच ज्योतीने जाळावे; कमी चढले तर ज्योत मरते, जास्त चढले तर धूर होतो. हे त्याला कोणी सांगितले नाही. मीही नाही. मोठे तत्त्व म्हणून मी गप्प बसले असे समजू नका. त्या वेळी माझ्या हातात शेवेचा सोऱ्या होता. तिसांपैकी एकही पणती विकली गेली नाही. मेण काढून पुन्हा वितळवावे लागले, त्यात एक दिवस गेला आणि ताईची बोलणी खावी लागली ती वेगळीच.

उलट, जे सांगावेच लागते ते मी सांगते, आणि दटावून सांगते. मेण थेट आचेवर ठेवावयाचे नाही. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा. म्हणजे मेण पाण्याच्या उकळीपलीकडे तापत नाही. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतावयाचे नाही, भडका उडतो. झाकण टाकावयाचे आणि गॅस बंद करावयाचा. उरलेले मेण मोरीत ओतावयाचे नाही. डब्यापासून उठून जावयाचे नाही, दाराची घंटा वाजली तरी. याला मी शिक्षण म्हणत नाही. ही घरातली शिस्त आहे. तापलेल्या तेलाशी आणि विळीशी आपण जी पाळतो तीच.

बाकीचा दिवसही असाच जातो. सकाळी पाणी भरणे, भाजी निवडणे, मग दोन तास गणित आणि वाचन. हो, पुस्तके आम्ही वाचतो आणि पाढेही पाठ करतो. ‘मुलाला वाटेल तेव्हा ते आपोआप शिकेल’ या पंथातले आम्ही नव्हे. दुपारी मातीच्या पणत्या पाण्यात भिजवून कडकडीत वाळविणे, वाती कापणे, मेण भरणे. मेण निवताना आकसते, वातीपाशी खळगा पडतो, म्हणून दुसऱ्यांदा भरावे लागते. बाजारातल्या पुष्कळ पणत्यांत हा दुसरा हात नसतो. वाचकांनी घेताना वातीपाशी जरूर पाहावे. हिशेब मुलगी ठेवते. फुटलेल्या पणत्या कोणाच्या खाती मांडावयाच्या यावर मागे बहीणभावंडांत दोन दिवस अबोला होता.

आणि आमच्या घरात मेण काही पणत्यांबरोबर आलेले नाही. सासूबाईंच्या फणेरपेटीत आरसा, फणी, पिंजर आणि मेणाची डबी असते. आधी कपाळावर मेणाचे बोट, मग त्यावर पिंजर. मेणाने ती बसते. टिकल्यांची पाकिटे आली आणि बहुतेक घरांतून ती डबी गेली. सासूबाईंना टिकलीच्या डिंकाने कपाळाला खाज सुटते, म्हणून त्यांनी आपले मेण सोडले नाही. हे मेण पॅराफिन नव्हे, मधमाशीचे. महाबळेश्वराकडच्या मधपाळाकडून मध काढून घेतलेल्या पोळ्यांचे तुकडे आम्ही आणतो. ते पाण्यात उकळावयाचे, फडक्यातून पिळून गाळावयाचे आणि रात्रभर हलवावयाचे नाही. सकाळी पाण्यावर पिवळी वडी धरलेली असते. खालचा काळा गाळ सुरीने खरवडला की राहते ते मेण. त्यात थोडे खोबरेल मिसळून मुलगी आजीची डबी भरते. थंडीत तेल जास्त, उन्हाळ्यात कमी. आजीचे बोट डबीत फिरले आणि तिने नाक मुरडले, की प्रमाण चुकले. आता याला आमच्या बैठकीतल्या बाई ‘आंतरपिढी अनुभव’ म्हणतील. मी त्याला आजीचे मेण म्हणते.

कोणी म्हणेल, उद्योगातून शिक्षण ही तर गांधीजींचीच कल्पना. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, नई तालीम उभी राहिली. या कल्पनेविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच तिच्या अंगी असलेला धोका सांगावासा वाटतो. त्यात ‘समवाय’ नावाचे एक प्रकरण होते: सर्व विषय उद्योगाशी जोडून शिकवावयाचे. चांगल्या शिक्षकाच्या हाती ते सोने असेल. परंतु सामान्य शिक्षकाच्या हाती टकलीवरून कापूस, कापसावरून काळी माती, काळ्या मातीवरून नकाशा अशी ओढाताण झाली, की सूतही जाते आणि भूगोलही जातो. टकली फिरविणाऱ्या मुलाचे लक्ष सुतात असते. त्याला तेथून उठवून नकाशापुढे नेणे हा त्याच्या कामाचा अपमान आहे. मेणाची पेटी म्हणजे याच समवायाची विकाऊ आवृत्ती. फरक एवढाच की टकलीवर निदान सूत तरी निघत असे.

आता खरा आक्षेप. तो पेट्या विकणारे घेत नाहीत. तो घेतात माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका. त्या म्हणतात, ‘‘अहो, ज्या शहरात तुम्ही राहता त्याच शहरात, भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेलले ते शाळेसाठी. आणि तुम्ही मुलीला घरी बसवून वाती कापायला लावता?’’ यापुढे विनोद करून निसटता येत नाही. आपल्याकडे शाळा सुखासुखी आलेली नाही. घरातल्या शिक्षणाचे आपले दाखले पाहा. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि लोकनिंदेपुढे घर सोडून गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथे आईने लेकीला शिकविले आणि ती पंडिता रमाबाई झाली. एक रमाबाई! आणि तिच्या काळात घरी राहून चुलीशिवाय काहीही न शिकलेल्या किती, त्यांची मोजदाद कोणी केली आहे? शाळा नसती तर माझी आई शिकली नसती, आणि मी हा लेख लिहीत बसले नसते. म्हणून ‘शाळा म्हणजे तुरुंग’ असे बैठकीत कोणी चहा पिता पिता म्हणाले की माझे डोके फिरते. शाळा नाकारावयाची सोय ज्याला आहे त्याने निदान जिभेला आवर घालावा. आमच्या घरी पुस्तके आहेत, दोन पगारांपैकी दीड अजून येतो आहे, आजी आहे. ज्याच्या घरी यातले काही नाही त्याच्या मुलाला शाळा हवी, चांगली हवी, जवळ हवी. आणि त्यासाठी मी कोणत्याही अर्जावर सही करीन.

‘दीड पगार’ म्हटले, त्याविषयीही एकदा बोलले पाहिजे. घरी शिकविणे म्हणजे कोणीतरी घरी असणे, आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा बाई असते. किती घरांत वडील शिक्षणावर व्याख्यान देतात आणि आई मेण गाळते! आमच्याकडे सकाळचे गणित यांच्याकडे आहे आणि त्यासाठी यांनी नोकरी अर्धवेळ केली आहे. मी पूर्णवेळ नोकरी करते. हे औदार्य नव्हे, ही आमची अट होती. ज्या घरात ही अट घालता येत नाही तिथे हा खटाटोप कोणाच्या जिवावर चालला आहे हे विचारावेच लागते.

कायद्याचे म्हणाल, तर शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. न घालणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकणाऱ्या मुलाचे नावही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला चौदाव्या वर्षी बसता येते, थोरली बसेल. या अधांतरीपणामुळेच आमच्या लोकांना सदैव पुरावे गोळा करावेसे वाटतात, हे मला कळते. म्हणून त्या वह्या, ती छायाचित्रे. म्हणूनच २०१६ साली दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवाचून, संगणक-ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर अमेरिकेतल्या एम. आय. टी.त गेलेल्या मुंबईच्या मुलीची गोष्ट आम्ही एकमेकांना जपमाळेसारखी सांगतो. आणि फॅरेडेची! मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा, शाळा जवळजवळ न पाहिलेला मुलगा होता. पाहा, शाळेवाचून! परंतु फॅरेडेची शाळा सुटली ती बाप गरीब लोहार होता म्हणून; आईबापांना नवे शिक्षणशास्त्र सापडले म्हणून नव्हे. त्याचे दारिद्र्य आपल्या सोयीचा दाखला म्हणून मिरवू नये. आणि दुसरे असे, की त्याने ती मेणबत्ती आधी पेटविली होती.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. मुलाला काम द्यावयाचे तर खरे द्या. ज्याची कोणीतरी वाट पाहत आहे असे, बिघडले तर कोणाचे तरी अडेल असे. ते नसेल तर मुलाला मोकळे सोडा, त्याला घारी मोजू द्या. पण मधले काही देऊ नका. आणि काम चालू असताना त्याच्या डोक्यावर वही धरून उभे राहू नका. बैठकीत मी हे बोलले तेव्हा त्या बाईंनी शांतपणे विचारले, ‘‘मग उद्या कोणी अधिकारी आला आणि मुलांनी वर्षभर काय केले असे म्हणाला, तर काय दाखवाल?’’

दाखवायला आमच्याकडे फारसे नाही. ससे नाहीत, अस्वले नाहीत. यंदा वीस डझनांची मागणी आहे, ती वसुबारसेच्या आत पोहोचवावयाची आहे, आणि पोहोचली की घरात मागे उरते ते मुलीची हिशेबाची वही आणि भिंतीवरची काजळी. अधिकारी आलेच तर त्यांना चहा मिळेल. पणत्या हव्या असतील तर भाव मुलगी सांगेल. रंगीत मिळणार नाहीत, वात योग्य जाडीची असेल, आणि प्रत्येक पणती दोनदा भरलेली असेल.