मापात पाप कुणाचे?

२० मे २०१९, सोमवार. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा अखेरचा भाग अमेरिकेत रविवारी रात्री आणि भारतात 'हॉटस्टार'वर त्याच वेळी, म्हणजे सकाळी साडेसहाला दाखवला गेला. एरवी आठ वाजल्याशिवाय अंथरूण न सोडणारी मुंबई-पुण्यातील मंडळीही त्या दिवशी पडद्यासमोर होती. आठच्या सुमारास भाग संपला आणि भांडणाला तोंड फुटले.

खरे तर ठिणगी त्याआधीच पडली होती. आठवे पर्व सक्षम लेखकांकडून नव्याने लिहून घ्यावे, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर १५ लाखांहून अधिक सह्या झाल्या. या मागणीचा गांभीर्याने विचार झालाच नाही, असे 'एचबीओ'च्या कार्यक्रमप्रमुखांनी जुलैत स्पष्ट केले. सप्टेंबरमध्ये याच पर्वाने ३२ नामांकनांपैकी १२ एमी पुरस्कार पटकावले. त्यांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचाही होता.

यावरून 'चाहते विरुद्ध जाणकार' असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांनी केली. ती चुकीची होती. समीक्षकही नाराजच होते. आधीच्या पर्वांना नव्वदच्या घरात टक्के देणाऱ्या समीक्षकांनी शेवटच्या भागाला पन्नाशीही गाठू दिली नाही. शिवाय २०१५ साली पाचव्या पर्वाचे चार भाग प्रसारणापूर्वीच फुटल्यानंतर 'एचबीओ'ने पुढच्या पर्वापासून समीक्षकांना आगाऊ प्रती देणे बंद केले होते. म्हणजे समीक्षकही भाग चाहत्यांबरोबरच पाहत होते आणि त्याच रात्री घाईघाईने लिहीत होते. चार दिवस विचार करून मत बनवण्याची, त्यांच्या व्यवसायाला वजन देणारी सवड त्यांच्याकडे उरली नव्हती.

मग भांडण नेमके कशावर? बव्हंशी आकड्यांवर. 'रॉटन टोमॅटोज'वरील टक्केवारी म्हणजे गुणपत्रिका नव्हे, हे वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात असते? किती टक्के समीक्षकांनी अनुकूल मत दिले, एवढेच ती सांगते. शंभर समीक्षकांनी 'बरी आहे, पाहायला हरकत नाही' असे म्हटले, तरी मालिकेला १०० टक्के मिळू शकतात. याउलट पन्नास जणांनी डोक्यावर घेतलेली आणि पन्नास जणांनी झिडकारलेली धाडसी कलाकृती ५० टक्क्यांवरच अडकते. समीक्षेतील 'पण', 'तथापि' आणि 'मात्र' या गणितात गळून पडतात.

प्रेक्षकांच्या आकड्याची कथा आणखी निराळी. चित्रपटासाठी या संकेतस्थळाने २०१९ साली तिकीट काढल्याची खातरजमा करण्याची सोय केली. मालिकेला तिकीटच नसते. २०२३च्या जानेवारीत 'द लास्ट ऑफ अस'च्या तिसऱ्या भागात दोन पुरुषांची प्रेमकहाणी आली. समीक्षकांनी तो भाग नावाजला, निक ऑफरमन यांना त्यासाठी एमीही मिळाला. पण 'आयएमडीबी'वर दहापैकी एक गुण देणाऱ्यांची रांग लागली. त्यांतील किती जणांना पटकथा खटकली आणि किती जणांना विषयच, हे आकडा सांगत नाही. खरोखर कंटाळलेल्या प्रामाणिक प्रेक्षकाचे मतही त्या गर्दीत संशयास्पद ठरते. या सगळ्यात मोठे नुकसान त्याचेच.

याहून अवघड प्रश्न तराजूच्या मालकीचा आहे. 'आयएमडीबी' १९९८ पासून अॅमेझॉनच्या ताब्यात आहे. 'रॉटन टोमॅटोज' २०१६ साली 'फँडँगो'कडे गेले, तेव्हा त्यात वॉर्नर ब्रदर्सचाही अल्प हिस्सा होता आणि 'एचबीओ' त्याच समूहातली. अर्थात, 'गेम ऑफ थ्रोन्स'ची तेथे झालेली घसरण पाहता मालकाने दांडी मारली, असे म्हणता येणार नाही. परंतु २०२२च्या सप्टेंबरमध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही अतिखर्चिक मालिका आली, तेव्हा अॅमेझॉनने आपल्या 'प्राइम व्हिडिओ'वरील प्रेक्षकांची मते ७२ तास रोखून धरली. खोडसाळ मते गाळण्यासाठी हा वेळ हवा, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हे. कृष्णवर्णीय कलाकारांच्या निवडीवरून त्या मालिकेविरुद्ध आधीच मोहीम सुरू होती. मात्र खोडसाळ कोण आणि केवळ नाराज कोण, हे ठरवणारा चाळणीवाला खुद्द निर्माताच होता आणि चाळणीची छिद्रे केवढी, हे त्याने प्रेक्षकाला दाखवले नाही.