अगत्तीची धावपट्टी आहे तेवढीच राहू द्या

लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर लांब आहे. ती आणखी लांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. मी तारकर्लीची. आमचं न्याहारी-निवास आहे, सासरे रापणीवर जायचे, नवरा आता होडीतून पर्यटकांना पाण्याखालची प्रवाळं दाखवायला नेतो. घरातली चूल पर्यटकांवर पेटते. त्यामुळे पर्यटन नकोच, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही.

अगत्ती साडेसात किलोमीटरच्या आसपास लांब, पण रुंदीला कुठेच किलोमीटरभरसुद्धा नाही. दक्षिणेच्या निमुळत्या टोकाला १९८८ साली विमानतळ झाला. तेव्हा तिथे वायुदूत कंपनीची लहान डॉर्निअर विमानं उतरायची, आता एटीआर उतरतात. उतरताना खिडकीतून दोन्ही बाजूंना पाणीच दिसतं आणि जमीन अगदी शेवटच्या क्षणी चाकांखाली येते. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांत विमानतळ असलेलं हे एकच बेट. कवरत्ती राजधानी असली, तरी तिथल्या माणसाला विमान पकडायला बोटीने किंवा हेलिकॉप्टरने अगत्तीलाच यावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यांचे फोटो देशभर फिरले आणि सगळ्यांना एकदम लक्षद्वीप आठवलं. त्याच वर्षी बंगळुरूहून आणि आमच्या शेजारच्या, गोव्यातल्या मोपाहून अगत्तीला विमानं सुरू झाली. तारकर्लीहून मोपा गाडीने दोनेक तास, पुढे अगत्ती दोन तासांच्या आत. कोकण-गोव्यातल्या माणसाला लक्षद्वीप इतकं जवळ कधीच नव्हतं. मीही त्याच वाटेने गेले. आता मागणी अशी, की मोठी विमानं उतरली पाहिजेत. पट्टी समुद्रात वाढवून पलीकडच्या कल्पिट्टी या निर्मनुष्य बेटापर्यंत न्यायची योजना तर कित्येक वर्षं चर्चेत आहे.

लांब धावपट्टी म्हणजे भरपूर विमानं, हे गणित आम्ही जवळून पाहिलं आहे. कर्ली नदीच्या पलीकडे, परुळे-चिपीच्या सड्यावर अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे, म्हणजे अगत्तीच्या दुपटीहून मोठी. ९ ऑक्टोबर २०२१ ला तिचं उद्घाटन झालं, त्या आठवड्यात आमच्या वाडीत प्रत्येकाने खोल्या वाढवायचा विचार केला. कुणी पतपेढीचं कर्ज काढलं, कुणी माड तोडून पार्किंग केलं. मग विमान कधी यायचं, कधी ऐनवेळी रद्द व्हायचं. मुंबईहून निघालेले पाहुणे विमानतळावरूनच फोन करायचे, की वहिनी, आज येत नाही, आणि शिजवलेलं सुरमईचं कालवण आम्ही शेजारी वाटायचो. पुढे मुंबईची सेवा थांबलीच. सड्यावरची पट्टी तेवढीच लांब होती, एक मीटरही कमी झाली नव्हती. विमान येतं ते रोज उडवणं परवडेल अशी व्यवस्था कुणी लावली तर. नुसत्या डांबराने ते येत नाही.

चिपीला निदान सडा होता, जांभ्याचा. अगत्तीला पट्टी वाढवायची तर ती प्रवाळकड्यावर वाढवावी लागेल. प्रवाळ म्हणजे त्या बेटाची शोभा नव्हे, बेटच त्याचं आहे. वाळू त्याच्या चुऱ्याची, आणि पावसाळ्यात बाहेरची लाट फुटते तीही त्याच्यावर. बेटाची उंची समुद्रापासून मोजकेच मीटर आहे. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ साली तिथली प्रवाळं पांढरी पडली, २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झालं. एका तडाख्यातून सावरायला प्रवाळाला वर्षानुवर्षं लागतात आणि मधली फुरसत कमी होत चालली आहे. अशा वेळी तिथे भराव, खांब आणि गाळ घालायचा?

तिथली कुप्याची मासेमारी पाहिल्यावर मला हे जास्त कळलं. पहाटे कोळी कड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, प्रवाळांच्या आसपास बारीक जाळी टाकून बोटाएवढी मासळी धरतात. ती होडीतल्या पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून बाहेर खोल समुद्रात जातात. कुप्याचा थवा दिसला, की ही मासळी त्याच्यापुढे उधळायची, वर पाण्याचा फवारा मारायचा आणि लांब काठीच्या गळाने एकेक कुपा उचलून होडीत टाकायचा. जाळ्याने तळ खरवडणं नाही, नको ती मासळी मारणं नाही. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीन आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात काय काय झालं ते पाहिलेल्या बाईला तो होडीवरचा अर्धा तास फार मोठा वाटला. पण हे सगळं त्या बोटाएवढ्या मासळीवर उभं आहे, आणि ती मासळी प्रवाळ जिवंत असेल तरच आहे.

पाण्याचंही तसंच. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, विहिरीला लागतं ते तेवढंच. उपसा वाढला, की पाणी मचूळ. आमच्या शेजारच्या देवबागला, एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असताना, हे आम्ही भोगतो. अगत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प २०११ साली झाला, त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. बेटावर साडेसात हजार माणसं. त्यात रोज मोठ्या विमानातून दीडशे-पावणेदोनशे पाहुणे उतरवले, तर प्रत्येकाला दोन वेळा आंघोळ लागेल, मला माहीत आहे, मीच त्यांच्या बादल्या भरते.

परतीला मी कोचीमार्गे आले. शेजारी एक आजी होत्या, डोळ्यांच्या तपासणीला निघालेल्या, सोबत नातू. तो मोडक्या हिंदीत सांगत होता, की तिकीट मिळायला फार दिवस लागले. बोटीने कोचीला चौदा ते वीस तास, पावसाळ्यात समुद्र खवळला की त्याचाही भरवसा नाही. त्या विमानात बरेचसे आम्ही पर्यटक होतो. नातवाने मला सरळ विचारलं, तुमच्याकडे दोन-दोन विमानतळ आणि आम्ही लहानच राहायचं का? प्रश्न रास्त आहे, आणि पट्टीचा शेवटचा निर्णय त्यांचाच असायला हवा, माझा नव्हे, दिल्लीचाही नव्हे. पण त्याची अडचण ऐकली तर तो मोठं विमान मागत नव्हता, दोन आसनं मागत होता.

ती आसनं आजच देता येतील. उडान योजनेत ठरावीक आसनांना भाड्याची मर्यादा घालून सरकार विमान कंपनीला तूट भरून देतं. पण स्वस्त आसन पहिलं मिळतं ते ज्याचं इंटरनेट वेगवान त्याला, म्हणजे पुण्या-बंगळुरूच्या पर्यटकाला. सार्वजनिक पैशातून स्वस्त झालेली ही आसनं लक्षद्वीपच्या रहिवाशांसाठी उड्डाणाच्या दोन दिवस आधीपर्यंत राखून ठेवा, रुग्ण आणि विद्यार्थ्यांना त्यात पहिला मान द्या, उरलीच तर आम्हाला विका. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या रहिवाशांना विमानाच्या मूळ भाड्यात निम्मी सवलत मिळते, तेव्हा ही काही अजब मागणी नाही. पर्यटकाने पुरं भाडं द्यावं. मी दिलं असतं.

दुसरं, लहान विमानं. एटीआरला पूर्ण भाराने उडायला बाराशे मीटर अपुरे पडतात, म्हणून वजन कमी ठेवावं लागतं. डॉर्निअरला तेवढी पट्टी पुरून उरते, आणि ते विमान आपल्याकडेच कानपूरला तयार होतं. १७ आसनांचं हे देशी डॉर्निअर एप्रिल २०२२ पासून आसाममधल्या दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला प्रवासी नेऊ लागलं. माणशी खर्च जास्त येतो हे खरं, पण समुद्रात पट्टी बांधायच्या खर्चापुढे ते अनुदान कितीसं? कोची ते अगत्ती अशी दिवसाला एक जादा फेरी रहिवाशांसाठी ठेवली, तर एटीआरमधली जागा पर्यटकांना सुखाने मिळेल आणि कुणाला कुणाचा हेवा वाटणार नाही.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, १९६७ च्या नियमांनुसार, आणि तो मिळवताना आपली माणसं कुरकुरतात. मला तो नियम योग्य वाटतो. किती माणसं एका वेळी बेटावर आहेत हे कुणाला तरी ठाऊक असलं पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात ते कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या हंगामाचं उड्डाणांचं वेळापत्रक ठरवताना नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आधी अगत्ती, कवरत्ती आणि मिनिकॉयच्या लोकांना विचारावं, की कोणत्या वारी, किती आसनं हवीत, आणि मगच उरलेली आमच्यासाठी खुली करावीत.