दोष चाकात, संशय संगणकावर

येवला - नाशिक-छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड-अहिल्यानगर हे दोन रस्ते येथील विंचूर चौफुलीवर एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रॅक्टर, शिर्डीकडे निघालेल्या भाविकांच्या गाड्या आणि अवजड मालमोटारी यांच्या गर्दीत मागचा भाग उचललेल्या, रुंद टायरच्या मोटारीही आता सर्रास दिसतात. हौसेला मोल नसते, हे खरे. मात्र या हौसेनंतर गाडी वळणावर ओढली जाते, वेग वाढविताना दम सोडते आणि समोरच्या फलकावर घसरणीचा पिवळा दिवा लागतो. मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावून नोंद पुसली जाते. दिवा विझतो आणि चार दिवसांत पुन्हा लागतो.

याचे कारण ट्रॅक्शन कंट्रोलच्या कार्यपद्धतीत आहे. ही यंत्रणा रस्ता पाहत नाही. एबीएसच्या सेन्सरकडून येणाऱ्या चारही चाकांच्या गतीची ती केवळ तुलना करते. इंजिनची ताकद मिळणारे चाक इतरांपेक्षा जलद फिरू लागले, की ते घसरत आहे असे समजून इंजिनचा जोर कमी केला जातो किंवा त्या चाकाला ब्रेक लावला जातो. आता पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला पुढे मूळचे १८५/६५ आर १५ आणि मागे रुबाबासाठी २०५/६५ आर १५ मापाचे टायर बसविले, तर व्यास अनुक्रमे सुमारे ६२२ आणि ६४८ मिलिमीटर होतो. चार टक्क्यांचा हा फरक सरळ, कोरड्या रस्त्यावरही पुढची चाके जलद फिरवितो. थोडीफार तफावत काही यंत्रणा सांभाळून घेतात. त्यात पुढच्या टायरची हवा कमी असेल किंवा ते झिजले असतील, तर मर्यादा ओलांडली जाते. चारही टायर मोठे बसविल्यास हा गोंधळ टळतो. पण वेगमापकावर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते.

स्प्रिंग बदलून उंची वाढविली वा घटविली, की चाकांचे कोन बदलतात. नंतर व्हील अलाइनमेंट केले तरी स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर अनेक गाड्यांत नव्याने शून्यावर आणावा लागतो. ते राहून गेल्यास गाडी सरळ जात असूनही संगणकाला ती वळत असल्याचे भासते आणि एखाद्या चाकाला नको तेव्हा ब्रेक लागू शकतो. काही बेअरिंगना एका बाजूस चुंबकीय कडे असते. बेअरिंग उलटे बसले, की सेन्सरला काहीच कळत नाही.

त्यामुळे तपासणी खालून वर व्हायला हवी. आधी टायरचे माप आणि हवा, मग चाक उचलून बेअरिंग, बूश व बॉल जॉइंटमधील ढिलेपणा, त्यानंतर शॉकअप, अलाइनमेंट व स्टिअरिंगचा शून्य. स्कॅनर शेवटी. तोही नोंद पुसण्यासाठी नव्हे, तर सरळ रस्त्यावर सावकाश जाताना चारही चाकांची गती पाहण्यासाठी. वेगळा आकडा दाखविणारे चाक शोध कोठे घ्यायचा ते सांगते. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे. दिव्याला कंटाळून यंत्रणा बटणाने बंदच ठेवणारेही आहेत. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, तेव्हा याच यंत्रणेची खरी गरज असते, आणि घसरलेल्या गाडीसमोर दुचाकीवरील कुटुंबही असू शकते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने अनुज्ञेय नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंड गाडीवर नव्हे, बदलांवर मोजला जातो. टायर, स्प्रिंग आणि सायलेन्सर असे तीन बेकायदा बदल आढळले, तर पंधरा हजार. शिवाय विमा कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचा मुद्दा होतो, तो वेगळाच.