हवेचा हिशोब जुलैमध्ये?

वागळे इस्टेटमध्ये बसची वाट बघताना नाकाला रुमाल लावणं आपल्या अंगवळणी पडलंय. कायद्यानुसार महापालिका आयुक्तांना दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. म्हणजे हिवाळ्यात खाल्लेल्या धुळीचा हिशोब थेट पावसाळ्यात! तोवर पावसाने हवा धुतलेली असते, विषय संपतो.

पीएम 10 ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना 15 सांगते. हवेबद्दल सल्ला देणाऱ्या समितीत तज्ज्ञ हवेतच. पण सिग्नलला थांबणारे रिक्षावाले, कंपनीतले कामगार आणि आपण विद्यार्थीही हवेत. आणि आकडे रोज बसस्टॉपवर लावा. जुलैच्या अहवालाने जानेवारीचा खोकला थांबत नाही.