प्रथमावृत्ती : संग्राहकाचा छंद की समीक्षेचा पुरावा?

मराठी कादंबरीच्या प्रथमावृत्तीचा शोध हा जुन्या पुस्तकांच्या हौशी संग्राहकांचा प्रांत आहे, समीक्षकाने त्यात पडण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्या विद्यापीठीय वर्तुळात मूळ धरून आहे. ही समजूत समीक्षेला घातक आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत साधना झाली. पण छापील कादंबरी समोर येताच हाताला लागेल ती प्रत प्रमाण मानली जाते. पाठभेद हस्तलिखिताला असतात, मुद्रिताला नसतात, हे यामागचे गृहीत होय.

हे गृहीत हरि नारायण आपटे यांच्यापाशीच कोसळते. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'मधून प्रथम क्रमशः आली आणि मग ग्रंथरूप पावली. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि पुढील मुद्रणांत 'लक्षांत'चे 'लक्षात' झाले. शीर्षकच जिथे बदलले, तिथे आतील पाने अभंग राहिली असे कोणत्या आधारावर मानावयाचे? यमूच्या निवेदनाच्या भाषेवर प्रबंध लिहिणारा अभ्यासक हरिभाऊंच्या लेखणीविषयी बोलतो की मुद्रितशोधकाच्या, हे त्याचे त्याला तरी ठाऊक असते काय?

दुसरा घोळ 'आवृत्ती' या शब्दाचा. मजकुरात फेरफार झाला तर नवी आवृत्ती, जुन्याच जुळणीवर पुन्हा छपाई झाली तर पुनर्मुद्रण, हा भेद मराठी प्रकाशनव्यवहाराने क्वचितच पाळला. प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक स्वतःच्या पहिल्या छपाईलाही 'पहिली आवृत्ती' म्हणू शकतो. 'कोसला' 1963 मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. तेव्हा संदर्भसूचीत 'पॉप्युलर, 1963' अशी जोडी लावणारा अभ्यासक अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचा दाखला देत असतो.

वस्तुतः परीक्षेची साधने दुर्मीळ नाहीत. मुद्रणालयाचे नाव, किंमत, प्रस्तावनेखालील तारीख आणि अनुस्वारांची पद्धत यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे पाहावे. केवळ शके दिले असेल तर 78 मिळवून इसवी सन काढताना जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी 79 मिळवावे लागतात, हे विसरू नये. 1867 च्या मुद्रणविषयक कायद्याने पुस्तकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि ठिकाणे छापणे बंधनकारक केले. नोंदणीत आवृत्तीचा क्रमांक व प्रतींची संख्याही मागितली. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'ने 1800 ते 1950 चा काळ दोन भागांत व्यापला आहे. 1867 च्या कायद्याची जागा घेणारा 2023 चा कायदा मार्च 2024 पासून लागू झाला. त्याच्या कक्षेत मात्र पुस्तके नाहीत. म्हणजे पुढील अभ्यासकाला हा आधारही उरणार नाही.

यावर नव्या सिद्धांतांचे पाईक म्हणतील, अर्थ वाचक घडवितो. मूळ प्रतीचा आग्रह हा लेखकपूजेचाच अवशेष आहे. हा युक्तिवाद उलटतो. वाचक अर्थ घडवीत असेल, तर 1890 च्या दशकातील वाचकाच्या हाती नेमके काय होते, हे कळल्यावाचून त्या वाचकाविषयी एक वाक्यही लिहिता येणार नाही.

हा प्रश्न ग्रंथालयापुरता उरलेला नाही. गिरगाव-दादरची जुनी घरे मोडली, कुटुंबे उपनगरांपलीकडे सरकली आणि त्यांचे ग्रंथसंग्रह नव्या लहान सदनिकांत मावले नाहीत. मीरा-भाईंदरमधल्या पेणकरपाड्यासारख्या वस्तीत रद्दीच्या तराजूवर कादंबरी चढते, तेव्हा तिची किंमत वजनाने ठरते. तिथे प्रथमावृत्ती आणि दहावे पुनर्मुद्रण यांत भेद नसतो. रद्दीवाल्याला दोष देता येत नाही, कारण तो त्याचा व्यवसाय आहे. परंतु प्रत न तपासता संहितेवर निर्णय देणारा प्राध्यापक त्याच तराजूने वाङ्मय तोलत असतो. प्रबंधाने कोणती प्रत, कोणत्या मुद्रणालयाची, कोणत्या वर्षाची आणि कोणत्या ग्रंथालयातील वापरली, एवढी एक ओळ मागण्याचे धैर्य अभ्यासमंडळांनी दाखविल्याशिवाय मराठी कादंबरीचा इतिहास हा ऐकीव इतिहासच राहील.